दगडाची माती कोण करतो?

परवा एका शेतकरी बंधूने आम्हाला विचारले, "फादर, वीटभट्टीवाला शेतातली वरची हातभर माती मागतोय. पैसेही बरे देतोय. माती काय, पुन्हा होतेच की!" होते खरी, पण ती कशी होते हे पाहायचे तर बर्फ नुकतेच हटले आहे अशा उंच डोंगरावर जावे लागते.

दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात सुमारे ५००० मीटर उंचीवर पुका नावाची हिमनदी आहे. तिचे बर्फ मागे सरकले की खाली उघडा पडतो तो नुसता दगडांचा चुरा. गवताची काडीसुद्धा नाही. पण २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले की, पहिल्या चार-पाच वर्षांतच या चुऱ्यात नील-हरित जीवाणू वस्ती करतात. ते उन्हावर आपले अन्न तयार करतात. चुरा हळूहळू एकमेकांस धरून राहू लागतो. हवेतला नत्र मातीत बांधला जाण्याचा वेग तर या काळात जवळजवळ शंभरपट वाढला होता, आणि तोही एखादे रोप उगवण्याच्या कितीतरी वर्षे आधी!

भात लावणाऱ्यांना ही मंडळी परकी नाहीत. खाचरातल्या पाण्यावर जे निळसर-हिरवे शेवाळ धरते, त्यात यांचेच भाऊबंद असतात. भातजमिनीला त्यांच्याकडून नत्र मिळतो, हे पी. के. डे या भारतीय शास्त्रज्ञांनी १९३९ सालीच दाखवून दिले. (ती घाण समजून काढून टाकणारेही आम्ही पाहिले आहेत.)

नत्र हवेतून आला, पण स्फुरद आणि लोह दगडातच अडकलेले असतात. स्वित्झर्लंडमधील डामा हिमनदीपुढच्या चुऱ्यातून काढलेले काही जीवाणू ग्रॅनाइटला चिकटून बसतात आणि ऑक्झॅलिक आम्ल सोडतात. आपल्या आंबट चुक्यात असते तेच हे आम्ल. त्याने दगड कणाकणाने विरघळतो व आतली द्रव्ये मोकळी होतात.

त्याच डामापुढे, बर्फ हटून शंभराहून अधिक वर्षे झालेल्या जागी आज गवत आणि झुडपे आहेत. त्यांच्याखालची काळपट माती मात्र अजून काही बोटेच जाड आहे. आपल्याकडे ऊन-पावसाने दगड लवकर कुजतो हे मान्य. तरी हातभर मातीला दोन-चार पिढ्या पुरत नाहीत.

आमच्या त्या बंधूने भट्टीवाल्याला अजून होकार कळवलेला नाही.