मडगाव ते मडगाव, व्हाया केपटाऊन

माझा मावसभाऊ पंधरा वर्षांचा आहे. दहावीच्या वर्षात आहे हे तो सोडून घरातल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. गेल्या महिन्यात त्याने मावशीसमोर मोबाईल धरला. परदेशातल्या एका फुटबॉल अकादमीचं माहितीपत्रक होतं. हिरवंगार मैदान, हसरी मुलं आणि शेवटच्या पानावर फी. ती वाचून काका उठून गॅलरीतच गेले. मावशी मला म्हणाली, "तू पेपरात आहेस ना? मग जरा बघ गो, हे खरं असतं काय."

आता मी इंटर्न. पेपरात आहे म्हणजे अजून चहा कुणाचा बिनसाखरेचा हेच पाठ करतेय. पण भाऊ म्हणाला, "ताई, ब्रँडन पण गेलेला ना!" आणि मग मी बसलेच शोधत.

ब्रँडन फर्नांडिस. जन्म २० सप्टेंबर १९९४, गोवा. मधल्या फळीतला खेळाडू, म्हणजे मिडफिल्डर. तो खेळून मोठा झाला ते मडगावचं फातोर्डा स्टेडियम रत्नागिरीहून फार लांब नाही. जनशताब्दीत बसलं की चारेक तासांत मडगाव. आपल्याला पुण्याला जायला यापेक्षा जास्त वेळ लागतो. तरीही आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर मेस्सीचे रोज चार व्हिडिओ येतात आणि ब्रँडनचं नाव टाकलं तर "कोण हा?" असा रिप्लाय येतो.

किशोरवयातच तो दक्षिण आफ्रिकेत गेला. केपटाऊनच्या एएसडी नावाच्या अकादमीत. तिथून इंग्लंडमधल्या क्लबांमध्ये ट्रायल्स झाल्या. इथपर्यंतची गोष्ट माझ्या भावाला तोंडपाठ आहे. पुढची माहितीपत्रकात नसते. इंग्लंडमध्ये करार झाला नाही आणि ब्रँडन परत आला.

यात त्याचा खेळ कमी पडला की आणखी काही, हे मी ठरवणार नाही. पण इंग्लंडचा दरवाजा भारतीय खेळाडूसाठी किती अरुंद आहे, हे आधीच्या एका उदाहरणावरून कळतं. २००९ मध्ये खुद्द सुनील छेत्रीशी क्वीन्स पार्क रेंजर्सने बोलणी पक्की केली होती. वर्क परमिट नाकारलं गेलं, कारण भारत फिफा क्रमवारीत पहिल्या ७० देशांत नव्हता. खेळाडू चांगला आहे की नाही हा प्रश्न नंतरचा, आधी देशाचा नंबर बघतात! आणि आपला नंबर? २०२३ मध्ये ९९ वर पोहोचलो तेव्हा बातमी झाली होती. त्यानंतर घसरगुंडीच आहे. भायचुंग भुतिया १९९९ मध्ये इंग्लंडच्या बरी क्लबकडून खेळला, गुरप्रीत सिंग संधू नॉर्वेत खेळून आला. पण अशी नावं मोजायला दोन हातांची बोटंसुद्धा जास्त होतील.

भावाला मी आणखी एक गोष्ट सांगितली, जी त्याला अजिबात आवडली नाही. फिफाच्या नियमाप्रमाणे १८ वर्षांखालच्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबात बदली, काही मोजके अपवाद सोडले तर, होतच नाही. म्हणजे पंधराव्या वर्षी पैसे भरून जे मिळतं ते प्रशिक्षण. ते चांगलं असू शकतं. पण तो क्लबचा करार नसतो. मावशीने हे वाक्य माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

घरी परतल्यावर

मला खरी गंमत, खरं तर धाकधूक, ब्रँडनच्या परतल्यानंतरच्या वर्षांत वाटते. स्पोर्टिंग क्लब द गोवा झालं. २०१५ मध्ये आयएसएलसाठी मुंबई सिटी झालं. मग दुखापती. त्या वयात एकेक हंगाम म्हणजे काय असतो विचारा कुणालाही. आणि हा मैदानाबाहेर बसलेला असताना मैदानंच आवरायला लागली होती. २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी आय-लीगमधून माघार घेतली, पाठोपाठ पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला धेंपो क्लबही बाहेर पडला. ज्या गोव्यात गल्लीगल्लीत फुटबॉल, तिथल्या पोरांनी खेळायचं कुठे? उरला चर्चिल ब्रदर्स. २०१७ च्या आय-लीगमध्ये ब्रँडन चर्चिलकडून खेळला, चमकला, आणि त्याच वर्षी एफसी गोवाने त्याला घेतलं.

म्हणजे बघा, केपटाऊन, इंग्लंड, मुंबई असं सगळं फिरून त्याचं करिअर सुरू झालं ते फातोर्ड्यात. घराजवळच!

एफसी गोवाचे तेव्हाचे कोच होते स्पेनचे सर्जिओ लोबेरा. चेंडू हवेत भिरकावायचा नाही, पायात ठेवायचा, पास करत करत पुढे सरकायचं, ही त्यांची पद्धत. अशा संघात मिडफिल्डरला लपायला जागा नसते. मी जुन्या मॅचेस बघताना मुद्दाम चेंडू सोडून फक्त ब्रँडनकडे बघत बसले. (करून बघा, पहिली दहा मिनिटं फार बोअर होतं.) मग लक्षात येतं की पास येण्याआधी हा माणूस खांद्यावरून मागे बघतो, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. चेंडू पायात येतो तेव्हा कुठे द्यायचा हे ठरलेलं असतं. अंगापिंडाने तो काही धिप्पाड नाही. धक्काबुक्कीत तो हरेल, म्हणून धक्का बसायच्या आत त्याचा चेंडू गेलेला असतो.

२०१९ हे त्याचं वर्ष. मार्चमध्ये आयएसएलची फायनल एफसी गोवा हरला. जादा वेळेत बेंगळुरूसाठी गोल केला तो मुंबईच्या राहुल भेकेने, आपल्याच माणसाने! पण महिन्याभरात भुवनेश्वरला सुपर कपची फायनल झाली, चेन्नईयिनला २-१ ने हरवलं आणि विजयी गोल ब्रँडनचा. जूनमध्ये थायलंडच्या किंग्ज कपमध्ये भारताकडून पदार्पण. सप्टेंबरमध्ये गुवाहाटीत ओमानविरुद्ध फ्री किक मिळाली, सगळे उंच चेंडूची वाट बघत असताना याने जमिनीलगत पास दिला आणि छेत्रीने गोल मारला. शेवटच्या काही मिनिटांत ती मॅच आपण १-२ ने हरलो, त्यामुळे तो पास कुणाच्या लक्षात राहिला नाही.

लक्षात राहिला तो १५ ऑक्टोबर २०१९. कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम खचाखच भरलेलं, समोर बांगलादेश, आणि आपण ०-१ ने मागे. मी तेव्हा अकरावीत होते, बाबांच्या मोबाईलवर मॅच बघत होते आणि नेट सारखं गोल गोल फिरत होतं. ८८ व्या मिनिटाला कॉर्नर. ब्रँडनने चेंडू टाकला, आदिल खानने डोकं लावलं, १-१. टाकणारा गोव्याचा, डोकं लावणारा गोव्याचा. बाबा म्हणाले, "कॉर्नर मारणाऱ्याचं नाव काय?" गोल कुणाचा असं सगळे विचारतात, पण बाबांनी कॉर्नर कुणाचा ते विचारलं. ब्रँडन फर्नांडिस मला माहीत झाला तो असा.

परदेशच दारात आलं

पुढच्या हंगामात एफसी गोवा साखळी फेरीत पहिला आला आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला. कोविडमुळे त्यांच्या गटाचे सगळे सामने एकाच ठिकाणी झाले. कुठे? फातोर्ड्यात! एप्रिल २०२१. समोर इराणचा पर्सेपोलिस, कतारचा अल रय्यान, संयुक्त अरब अमिरातीचा अल वहदा. अल रय्यानचे कोच होते लोराँ ब्लाँ, १९९८ च्या वर्ल्ड कप विजेत्या फ्रेंच संघातले. गॅलऱ्या मात्र रिकाम्या, प्रेक्षकांना बंदी. पहिल्या सामन्यात अल रय्यानशी ०-० बरोबरी. मग पर्सेपोलिसविरुद्ध चौदाव्या मिनिटाला ब्रँडनची फ्री किक आणि एदू बेदियाचं हेडर. या स्पर्धेच्या गटात भारतीय क्लबचा पहिला गोल असा झाला. ती मॅच हरले, पण सहा सामन्यांत तीन बरोबऱ्या सोडवून आले.

नंतर तो एफसी गोवाचा कर्णधार झाला. २०२४ च्या जानेवारीत कतारला झालेल्या आशियाई कपच्या भारतीय संघात होता, आणि त्याच वर्षी गोवा सोडून पुन्हा मुंबई सिटीत गेला. म्हणजे घरीच राहिलं की सगळं सुरक्षित असं समजू नका. जुलै २०२५ मध्ये आयएसएलच थांबवून ठेवली गेली, पुढचा हंगाम कधी हे कुणाला सांगता येईना. करारपत्र हातात असलेल्या खेळाडूंनासुद्धा.

हे सगळं मी मावशीला एका रविवारी सांगितलं. काका म्हणाले, "म्हणजे जाऊ दे की नको?" मी म्हटलं, मला खरंच नाही सांगता येत. आधी गोव्यातल्या क्लबांच्या युवा संघांच्या निवड चाचण्यांची चौकशी करू, तिकीट स्वस्त आहे. माहितीपत्रक तूर्तास फ्रिजवर चुंबकाने लावलंय. काढलेलं नाही.

संध्याकाळी भाऊ मला ओढत भाट्याच्या किनाऱ्यावर घेऊन गेला. ओहोटीला वाळू घट्ट असते, चेंडू नीट घरंगळतो. चपलांचा गोल केला. "ताई, तू जवळच्या पोस्टपाशी उभी राहा. तू आदिल खान."

पहिले सहा कॉर्नर सुरूच्या बनात गेले. सातवा माझ्या कानाला लागला.