तूर, टरफल आणि गटाचं रजिस्टर

सकाळी ६ : तुरीची रास झाली की रेणापुरात आमचे हे दिवस गडबडीचे. तेल-पाणी चोळून झाकून ठेवलेली तूर उघडायची, दाणा दाताखाली धरून बघायचा. आत ओल राहिली तर टरफल सुटत नाही. मग ऊन वर येताच ती तूर पुन्हा गच्चीवर.

९ : आमच्या बचत गटाची मिनी डाळ मिल सुरू. गिरणी लहान असली तरी क्विंटलमागे ७० किलोच्या वर डाळ पडावी, हा आमचा हट्ट. चुनी गावातल्या म्हशींना जाते.

११ : बँक. खेळत्या भांडवलासाठी अर्ज. "सातबारा कुणाच्या नावावर? मालकांची सही आणा." राज्याच्या उमेद अभियानातल्या गटांना २० लाखांपर्यंत कर्जाला तारण लागत नाही, हा रिझर्व्ह बँकेचाच नियम. परिपत्रकाची प्रत मी पर्समध्येच ठेवते. जमीन बाईच्या नावावर नसण्याची रीत जुनी. कागदावरचा नियम टेबलापर्यंत आणायला भांडावं लागतं.

१ : लातूरचा सौदा निघाला. फोनवर भाव कळला की आज तूर घ्यायची की थांबायचं, ते ठरतं. आडत्या आठ दिवसांच्या बोलीवर माल देतो, कारण गटानं आजवर तारीख चुकवली नाही.

४ : डाळीची विक्री. "सोयरेच हाव की आपण, पैशे पुढल्या बाजाराला देते." लग्नसराईत अशी उधारी रोजची. एकटीला नाही म्हणता येत नाही. "गटाचा ठराव हाय, मावशी," म्हटलं की नातंही राहतं आणि पैसेही येतात.

७ : बैठक. पंचसूत्री ठरलेली : बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब. १९९२ साली नाबार्डनं ५०० गट बँकांना जोडायचा प्रयोग केला, तो याच शिस्तीच्या भरवशावर. शेजारच्या बांगलादेशात ग्रामीण बँकेनं त्याआधीच गरीब बायकांना विनातारण कर्ज देऊन दाखवलं होतं. आज एकीनं मिरची कांडपासाठी कर्ज मागितलं. तिचा मागचा हप्ता थकला होता. का थकला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दवाखाना. कर्ज मंजूर झालं.

९ : हिशेब लिहिला. धंदा करायची हिंमत आमच्या बायांत आधीपासून आहे. बँकेनं सातबाऱ्याआधी हे रजिस्टर उघडावं आणि घरानं शेतावर बाईचंही नाव लावावं. एवढं झालं तर रेणापुरात अशा आणखी गिरण्या उभ्या राहतील.