शर्करा, सक्करे आणि शुगर

बंगळूरच्या इंदिरानगरात औषधाच्या दुकानी ‘सक्करे कायिले’ हे शब्द कानी पडले, तर मराठी माणसाला दुभाष्याची गरज भासत नाही. कन्नड ‘सक्करे’ आणि मराठी ‘साखर’ ही संस्कृत ‘शर्करा’ या एकाच शब्दाची लेकरे. शर्करा म्हणजे मुळात बारीक खडी. हाच शब्द फारसी व अरबीच्या वाटेने युरोपात जाऊन ‘शुगर’ झाला आणि आज तपासणीच्या अहवालावरून आपल्या घरी परतला आहे. ओळखीच्या या शब्दाचा वैद्यकीय अर्थ मात्र पुष्कळदा अनोळखीच राहतो.

‘मधुमेह’ हे नाव सुश्रुतसंहितेत आढळते. पाश्चात्त्य वैद्यकातील ‘मेलिटस’ या लॅटिन शब्दातही मधाचाच गोडवा आहे. रुग्णाच्या मूत्रातील हा गोडवा साखरेचाच असल्याचे इंग्लंडच्या मॅथ्यू डॉबसन यांनी १७७६ मध्ये प्रयोगाने दाखविले.

रक्तातील साखर म्हणजे डब्यातील साखर नव्हे. ती ग्लुकोज होय. डब्यातील साखर ही सुक्रोज, फळांतील एक शर्करा फ्रुक्टोज, तर दुधातील लॅक्टोज. शेवटचे ‘ओज’ हे शर्करेचे कुलचिन्हच. भात आणि पोळी यांतील पिष्टाचेही पचनानंतर ग्लुकोजच होते. म्हणूनच चहातील साखर सोडली की काम झाले, हा समज अपुरा ठरतो.

अहवालातील दोन आकड्यांचा अर्थ बँकेच्या ग्राहकांस सहज उमगेल. उपाशीपोटीची साखर ही त्या दिवसाची शिल्लक. तर ‘एचबीए-वन-सी’ ही जणू तिमाही सरासरी शिल्लक. तपासणीच्या आदल्या दिवशी पथ्य पाळून पहिला आकडा थोडा सावरता येईल. दुसरा मागील दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगतो. उपाशीपोटी १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी साखर सर्वसाधारण, १०० ते १२५ मधुमेहाची पूर्वसूचना आणि १२६ वा अधिक आढळल्यास मधुमेह, असे सामान्यतः मानतात. ‘एचबीए-वन-सी’साठी मधुमेहाची सीमा ६.५ टक्के आहे. निदान अर्थातच डॉक्टरांनी करावयाचे.

एककाकडेही लक्ष हवे. आपल्याकडील आकडा प्रति डेसिलिटर मिलिग्रॅममध्ये असतो. ब्रिटनमध्ये तो प्रति लिटर मिलिमोलमध्ये देतात. लंडनच्या लेकाने दूरध्वनीवर ‘साखर सात’ असे सांगितले, तर इंदिरानगरातील आईने घाबरूही नये आणि निर्धास्तही होऊ नये. सातला अठराने गुणले की १२६ येतात!

सर्वांत जपावयाची जोडी ‘हायपो’ आणि ‘हायपर’ यांची. हायपो म्हणजे साखर उतरणे, हायपर म्हणजे चढणे. साखर ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, गोंधळ अशी लक्षणे दिसू लागतात. रुग्ण शुद्धीवर असेल व गिळू शकत असेल, तर सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज वा साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी करावी. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता तत्काळ रुग्णालय गाठावे.

‘जमा’ आणि ‘नावे’ यांची गल्लत झाली, तर खात्यातील चूक दुरुस्त करता येते. ‘हायपो’ आणि ‘हायपर’ यांची गल्लत मात्र जिवावर बेतू शकते. म्हणून घरातील प्रत्येकाने हे दोन शब्द नीट ओळखून ठेवावेत.