फोनची बाजारपेठ

वढू बुद्रुकहून कोरेगाव भीमास येऊन महामार्गाने पूर्वेकडे गेले, की आपल्याच शिरूर तालुक्यातील रांजणगाव लागते. तेथे महागणपतीचे देवस्थान आहे, तशीच मोठी औद्योगिक वसाहतही आहे. तेथील एल. जी. या दक्षिण कोरियन कंपनीच्या कारखान्यात एके काळी मोबाईल फोनही तयार होत. २०२१ साली या कंपनीने जगभरातील आपला फोनचा व्यवसाय बंद केला. एवढ्या बलाढ्य कंपनीस माघार का घ्यावी लागली?

मुलांनो, स्मार्टफोनकडून सर्व कामे करवून घेणारी एक कार्यप्रणाली त्यात असते. २००७ साली आलेल्या आयफोनची प्रणाली ॲपल कंपनी दुसऱ्या कोणाही उत्पादकास देत नाही. गूगलने नेमका उलट मार्ग धरला. अँड्रॉइड ही तिची प्रणाली २००८ पासून अनेक उत्पादकांनी स्वीकारली. प्रणाली आयती मिळाल्यामुळे अँड्रॉइडचे फोन दहा हजार रुपयांच्या आतही मिळू लागले आणि लाखाच्या पुढेही. आयफोन मात्र वरच्या किमतीतच राहिला. म्हणूनच भारतात दहांपैकी नऊहून अधिक स्मार्टफोन अँड्रॉइडवर चालतात.

पण हे यश केवळ स्वस्ताईचे म्हणावे, तर तेही खरे नव्हे. २०१४ साली फायरफॉक्स या तिसऱ्या प्रणालीचा एक फोन इंटेक्स कंपनीने अवघ्या १,९९९ रुपयांना विकावयास काढला. तरीही ती प्रणाली टिकली नाही. आठवडे बाजारात गिऱ्हाईक नसेल तर व्यापारी पाल ठोकीत नाही, आणि पाले नसतील तर गिऱ्हाईक फिरकत नाही. ॲपचेही तसेच आहे. मायक्रोसॉफ्टची विंडोज प्रणाली नोकियाच्या नामांकित फोनांवर येऊनही याच पेचात सापडली.

अँड्रॉइडच्या आश्रयास आलेले उत्पादक तरी सुखी झाले काय? प्रणाली सर्वांची एकच. मग चढाओढ उरली ती किमतीची आणि कॅमेऱ्याची. तीत एल. जी.ला कित्येक वर्षे तोटाच सोसावा लागला.

उत्पादकाच्या माघारीची झळ गिऱ्हाइकासही लागते. प्रणालीत वेळोवेळी सुधारणा न झाल्यास कालांतराने नवी ॲप चालत नाहीत व फोनची सुरक्षितताही उणावते. व्यवसाय आवरताना एल. जी.ने आपल्या उंची फोनांना प्रणालीच्या तीन नव्या आवृत्त्यांपर्यंत देण्याचे जाहीर केले. कमी किमतीच्या काही फोनांच्या वाट्यास मात्र दोनच आल्या.