सामान बांधावं ते रात्रीसाठी

थंडी पडू लागली, की पवना, मुळशी, भंडारदरा अशा धरणांच्या काठी तंबू उभे राहतात आणि तिकडे निघालेल्या घरांमध्ये याद्या सुरू होतात. या याद्यांत बहुतेक सामान दिवसाचं असतं: बॅडमिंटनच्या रॅकेटी, पत्ते, स्पीकर, पनीर भाजायच्या सळ्या, फोटोसाठी वेगळे कपडे. पण डिसेंबरात आपल्याकडे सूर्य संध्याकाळी सहाच्या सुमारास मावळतो आणि सकाळी सातच्या आसपास उगवतो. म्हणजे एका दिवसाच्या मुक्कामातले जवळजवळ १३ तास अंधाराचे असतात. लहान मूल कुडकुडत जागं राहिलं किंवा आजीला रात्री दोनदा उठावं लागलं आणि वाट दिसली नाही, तर दिवसभराची मजा तिथेच संपते. म्हणून कुटुंबासह तंबूत राहायला जायचं असेल, तर आधी रात्रीचं नियोजन करावं आणि रॅकेटी गाडीत जागा उरली तर घ्याव्यात, असं मला आग्रहानं सांगावंसं वाटतं.

भंडारदऱ्याचं उदाहरण घेऊ. प्रवरेवरचं हे धरण १९२६ साली पूर्ण झालं. राज्यातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटरचं कळसूबाई, तिथून जवळच आहे. साधारणपणे हजार मीटर वर गेलं, की हवा सहा-साडेसहा अंशांनी थंड होते आणि भंडारदरा समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्रामुळे रात्रीही ऊब टिकते. इथे आभाळ निरभ्र असलं, की जमिनीची उष्णता भराभर निघून जाते. त्यात थंड हवा जड असल्यामुळे उतारावरून घसरून खोलगट जागी साठते. त्यामुळे पाण्याला अगदी लागून लावलेला तंबू फोटोत छान दिसतो, पण पहाटे सर्वांत गार तोच असतो आणि दवानं ओलाही होतो. काठापासून थोडं वर, सपाट आणि कोरड्या जागी मुक्काम केला, तर तेवढ्यानंच बराच फरक पडतो.

थंडी म्हटलं, की आपण पांघरुणं वाढवतो. पण तंबूत अंगातली उष्णता खालच्या जमिनीतही जात असते. रजई अंगाखाली घेतली, तर तिच्यातला कापूस दबतो, त्यात अडकलेली हवा निघून जाते आणि तिची ऊब संपते. फुगवायच्या साध्या गादीतही आतली हवा फिरत राहते आणि अंग गारच पडतं. त्यापेक्षा फोमची जाड चटई अंथरावी आणि तिच्यावर सतरंजी किंवा घोंगडी घालावी. चटईला वजन जवळजवळ नसतं, आणि माणशी एक चटई असली, तर पांघरुणं निम्मी नेली तरी चालतात. झोपताना दिवसभराचे घामट कपडे बदलून कोरडे मोजे आणि कानटोपी घालावी. मुलांसाठी हा जोड वेगळ्या पिशवीत बांधून ठेवावा. अंधारात बॅगा उपसत बसावं लागत नाही. तंबूच्या वरच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवाव्यात. श्वासातली वाफ बाहेर गेली नाही, तर ती कापडावर थेंब धरते आणि पहाटे अंथरुणावर टपकते.

एक गोष्ट मात्र तंबूत कधीही नेऊ नये. शेगडी, निखाऱ्यांची घमेली आणि गॅस हीटर यांच्यापासून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे केरळचे आठ पर्यटक, चार मुलांसह, हॉटेलच्या बंद खोलीत हीटर लावून झोपले आणि उठलेच नाहीत. तंबूची जागा खोलीहूनही कमी असते.

ऋतू बदलला, की रात्रही बदलते. मेअखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला काजवे पाहायला भंडारदऱ्याच्या याच भागात गर्दी होते. तेव्हा थंडीची काळजी नसते. वीज, वादळी वारा आणि साप यांची असते. उघड्या पठारावर किंवा एकट्या उंच झाडाखाली तंबू लावू नये आणि ढग गडगडू लागले, की गाडीत किंवा पक्क्या घरात जावं. मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचा दंश कित्येकदा दुखतही नाही, म्हणून ‘काहीतरी चावलं असेल’ म्हणून सोडून देणं धोक्याचं ठरतं. तंबूची चेन पूर्ण लावणं, आत खाऊ न ठेवणं आणि बूट झटकून घालणं, एवढ्यानं बराचसा धोका टळतो. दंश झालाच, तर पट्टी आवळू नये आणि जखम कापू नये. अवयव स्थिर ठेवून रुग्णालय गाठावं. म्हणून निघण्यापूर्वीच जवळचं ग्रामीण रुग्णालय कोणतं, तिथे सर्पविषावरचं इंजेक्शन असतं का आणि १०८ ला फोन करण्याइतकी रेंज कुठे मिळते, हे विचारून ठेवावं. शिवाय हा बराचसा परिसर अभयारण्याचा आहे. तिथे परवानगीशिवाय राहता येत नाही, आग पेटवता येत नाही आणि काजव्यांवर विजेरीचे झोत मारून त्यांचं मीलन मोडण्याचा हक्क तर कुणालाच नाही.

यावर कुणी म्हणेल, की आता पैसे भरले, की सगळं आयतं मिळतं; तंबू, गादी, जेवण, शेकोटी. मग हा खटाटोप कशाला? आयत्या सोयीला माझा विरोध नाही, लहान मुलं असतील तर पहिल्या खेपेला तेच बरं. पण व्यवस्थापकाला तुमच्या घरातल्या माणसांची माहिती नसते. शौचालय तंबूपासून किती पावलांवर आहे, वाटेवर रात्रभर दिवा असतो का, माणशी किती पांघरुणं मिळतात, बोटीवर मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटं आहेत का, हे नोंदणी करतानाच विचारायला हवं. विशेषतः शौचालयाचा प्रश्न संकोचापोटी राहून जातो, आणि मग घरातल्या बायका संध्याकाळपासून पाणी पिणंच कमी करतात. मला वाटतं, जागा निवडताना तलावाच्या देखाव्याच्या आधी याचं उत्तर घ्यावं.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. आपले आजे-पणजे शेतात राखणीला एका घोंगडीवर झोपत. मग आपल्यालाच एवढी तयारी का लागावी? पण त्यांचीही तयारी असायचीच. जमिनीपासून उंच बांधलेला माळा, त्यावर पसरलेला पेंढा आणि भिजली तरी ऊब न सोडणारी लोकरीची घोंगडी, हे सगळं त्या रात्रीच्या गरजेतूनच आलेलं आहे. शिवाय त्यांना त्या शिवारातला प्रत्येक बांध ठाऊक होता. आपण अनोळखी जागी एका रात्रीपुरते जातो, म्हणून त्यांच्या ओळखीची जागा आपल्या तयारीनं भरून काढावी लागते.

अशा हिशेबानं बघितलं, की स्वयंपाकाचं सामान आपोआप आटोपशीर होतं. अंधारात चार पदार्थ रांधण्यापेक्षा घरून दशम्या, धपाटे, चटणी न्यावी आणि तिथे फक्त खिचडी किंवा पिठलं-भात करावा. पाण्यात मात्र काटकसर नको. पिणं, रांधणं, धुणं धरून चौघांच्या एका रात्रीला २० लिटर तरी हवं, म्हणजे तेवढेच किलो वजन. गाडी तंबूपर्यंत जाते का, हे त्यासाठीच विचारायचं. तंबू आणि विजेऱ्या सर्वांत वर ठेवाव्यात, कारण त्या आधी लागतात. आणि चारच्या आत पोहोचावं, म्हणजे खुंट्या उजेडात ठोकता येतात. नवा तंबू असेल, तर तो आदल्या रविवारी गच्चीवर एकदा मुलांकडून लावून घ्यावा. परतल्यावर तो ओला तसाच गुंडाळून माळ्यावर टाकू नये. दोरीवर पूर्ण वाळवून मगच घडी घालावी, नाहीतर पुढच्या वेळी बुरशीच्या वासानं कुणी त्यात झोपणार नाही.