जुना लॅपटॉप, नवी सुरुवात

तुमच्या कपाटात एखादा जुना लॅपटॉप धूळ खात पडलाय का? थोडी दुरुस्ती केली, तर तो कुणाचा तरी पहिला कॉम्प्युटर ठरू शकतो. असे लॅपटॉप गरजू वस्त्यांत पोहोचवणारी संस्था काढायचा विचार असेल, तर आधी हा अनुभव वाचा.

२००५ मध्ये निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ ही संस्था सुरू केली. स्वप्न होतं १०० डॉलरच्या लॅपटॉपचं. किंमत गेली २०० डॉलरच्या आसपास. २००७ मध्ये कर्जतजवळच्या एका मराठी शाळेतही हे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. पेरू देशात तर ते लाखोंनी वाटले गेले. पण २०१२ च्या अभ्यासात दिसलं, की मुलांचं गणित आणि भाषा काही सुधारली नव्हती. बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हतं, शिक्षकांना पुरेसं प्रशिक्षणही नव्हतं.

म्हणून सुरुवात छोटी करा:

• एक वस्ती, दहा लॅपटॉप आणि शिकवणारी एक ताई किंवा दादा.
• ऑफिसांकडून जुने लॅपटॉप मागा. आधीचा डेटा पूर्ण पुसा. एसएसडी बसवून मोफत मिळणारं लिनक्स टाका. जुनं मशीनही पळायला लागतं.
• ट्रस्ट, सोसायटी किंवा सेक्शन ८ कंपनी म्हणून नोंदणी करा.
• चार्जर, बॅटरी आणि दुरुस्तीसाठी पैसे राखून ठेवा.

वाटपाचे फोटो एका दिवसाचे असतात. सहा महिन्यांनी पुन्हा त्याच वस्तीत जा. त्यातले किती लॅपटॉप रोज उघडले जातात, तेच तुमच्या संस्थेचं खरं प्रगतिपुस्तक!