जुनी गाडी, नवा हात

सचिन तेंडुलकर यांनी २००२ साली कसोटी शतकांच्या संख्येत डॉन ब्रॅडमन यांची बरोबरी केली, तेव्हा त्यांना इटलीची एक लाल मोटार भेट मिळाली. ती फेरारी ३६० मोडेना होती. तिच्या आयात शुल्काच्या माफीवरून पुढच्याच वर्षी वृत्तपत्रांतून बराच वाद झाला. २०११ मध्ये ही गाडी सुरतेच्या एका व्यावसायिकाने विकत घेतली. इतक्या नामांकित घरातली गाडीसुद्धा अशी एके दिवशी ‘सेकंडहँड’ झाली. तेंडुलकर यांची स्वतःची पहिली गाडी मात्र मारुती ८०० होती. ती साधी गाडी आणि ती फेरारी यांच्यामध्ये कित्येक वर्षांचा सराव होता. सामान्य तरुण हेच अंतर एखाद्या दुपारी जुन्या गाड्यांच्या दुकानात ओलांडू पाहतो.

असा तरुण लखनौच्या अलीगंज भागात राहतो, असे समजू. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातून अनेक कुटुंबे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या व्यवसायासाठी देशभरच्या सराफ बाजारांत पसरली आहेत. त्यांना गलाई व्यावसायिक म्हणतात. त्यांपैकीच एका घरातला हा मुलगा आहे. वडिलांचे दुकान चौकातल्या सराफ्यात आणि बिऱ्हाड अलीगंजात, म्हणजे रोज डालीगंजच्या पुलावरून गोमती ओलांडून जाणे-येणे. शिकाऊ परवाना काढून, प्रशिक्षण शाळेच्या लहान गाडीवर शिकून त्याने सहा महिन्यांपूर्वी पक्का परवाना मिळविला आहे. हाती थोडी शिल्लक आहे. नव्या साध्या गाडीच्या किमतीत जुनी वेगवान गाडी मिळते, हे त्याच्या लक्षात आले आहे. गावच्या जत्रेला ती घेऊन जावे, असेही मनात आहे. त्याची इच्छा चुकीची म्हणता येणार नाही. परंतु या व्यवहारात तो दोन वस्तू घेत असतो: एक यंत्र आणि एक जबाबदारी. पहिलीची किंमत ठरविताना तो तासभर घासाघीस करतो. दुसरीची किंमत सहसा कोणी विचारीत नाही.

आपल्याकडे ‘स्पोर्ट्स कार’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. काटेकोर अर्थाने ती दोन आसनांची, ठेंगणी, वेगासाठीच घडविलेली गाडी होय. सामान्य ऐपतीच्या ग्राहकापुढे मात्र बहुधा येते ती साध्या दिसणाऱ्या लहान गाडीची तेज आवृत्ती. पुण्याजवळच्या रांजणगाव येथील कारखान्यात तयार झालेली फियाटची अबार्थ पुंटो हे त्याचे चांगले उदाहरण आहे. २०१५ मध्ये ती बाजारात आली. तिचे इंजिन सुमारे १४०० घनसेंटिमीटरचे, पण शक्ती १४५ अश्वशक्तीची. मारुती ८०० ची शक्ती होती सुमारे ३७ अश्वशक्ती. म्हणजे बाहेरून दोन्ही गाड्या गल्लीत मावणाऱ्या असल्या, तरी एकीत दुसरीच्या जवळजवळ चौपट बळ भरलेले आहे. शिवाय फियाटने २०१९ मध्ये भारतातील मोटारविक्री थांबविली. अशा गाडीचा एखादा भाग निकामी झाला, तर तो मिळेपर्यंत ती दारात उभी ठेवावी लागते. जुनी वेगवान गाडी स्वस्त का मिळते, याचे एक कारण येथे सापडते.

या गाड्यांच्या इंजिनात पुष्कळदा टर्बोचार्जर असतो. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक लहान चक्र फिरवितो आणि ते चक्र आत जाणारी हवा दाबून भरते. अधिक हवा, अधिक इंधन, अधिक बळ. मात्र हे चक्र वेग धरीपर्यंत किंचित वेळ जातो. नवशिका चालक पुढच्या टेम्पोला मागे टाकण्यासाठी पायाने ॲक्सिलरेटर दाबतो. क्षणभर काहीच घडत नाही, म्हणून तो आणखी दाबतो. आणि नेमके तेव्हाच सारे बळ एकदम चाकांत उतरते. अनुभवी चालकाचा पाय हा क्षण ओळखतो. लहान गाडीवर शिकलेल्या पायाला ही सवय नसते, आणि ती पुस्तकातून लागतही नाही.

गाडी पळविण्यापेक्षा थांबविणे अवघड, हे तर साध्या गणितानेही कळते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दर सेकंदाला सुमारे १४ मीटर पुढे सरकते. संकट दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद गेला, असे धरले, तर हे १४ मीटर असेच निघून जातात. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर गाडी थांबण्यास आणखी तितकेच अंतर लागते. एकूण सुमारे २८ मीटर. आता वेग दुप्पट, म्हणजे ताशी १०० किलोमीटर करू. पहिले अंतर दुप्पट होते, पण ब्रेक लावल्यानंतरचे चौपट होते. एकूण ८० मीटरांहून अधिक. रस्ता ओला असेल, टायर झिजलेले असतील, तर त्याहूनही अधिक. ज्येष्ठ महिन्यातील मंगळवारी, ज्याला तेथे ‘बडा मंगल’ म्हणतात, अलीगंजच्या जुन्या हनुमान मंदिराकडे भाविकांची रीघ लागते आणि रस्त्याच्या कडेला जागोजागी भंडारे मांडलेले असतात. तेथे समोर ८ मीटर मोकळा रस्ता मिळाला तरी पुष्कळ.

यासाठीच गाडीचे वय पाहताना केवळ किमतीचा विचार करू नये. चाके न अडकता ब्रेक लागावेत, म्हणून असलेली ‘एबीएस’ ही व्यवस्था भारतात सर्व नव्या मोटारींना १ एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली. त्यापूर्वीच्या गाडीत ती असेलच असे नाही. चालकाच्या बाजूची एअरबॅगही २०१९ च्या जुलैपासूनच सक्तीची झाली. जुन्या गाडीचा एअरबॅगचा दिवा चावी फिरविताच पेटून काही क्षणांत विझला पाहिजे. तो पेटतच नसेल, तर अपघातात फुटलेली एअरबॅग पुन्हा न बसविता केवळ दिवा बंद केला असल्याची शंका घ्यावी.

तपासणी दिवसाउजेडी व इंजिन थंड असताना करावी. विकणाऱ्याने आधीच गाडी चालू करून तापवून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. थंड इंजिन सुरू होतानाच आपले दुखणे सांगते. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जळत आहे. टायरच्या कडेवर चार अंक कोरलेले असतात: २३१९ असे असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. चारही टायरांची साले वेगवेगळी आणि झीज एकाच कडेला, असे दिसले, तर चाकांच्या जोडणीत दोष आहे किंवा गाडीला कधी तरी जबर मार बसला आहे. सीटबेल्ट पूर्ण ओढून पाहावा. पुरात बुडालेल्या गाडीच्या पट्ट्याच्या आतल्या भागावर मातीची रेघ राहते, कारण धुणारा तेथवर पोचत नाही. वेगवान गाडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विचारावी लागते. इंजिनातील टायमिंग बेल्ट कधी बदलला? तो चालत्या गाडीत तुटला, तर आतले व्हॉल्व्ह वाकू शकतात आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जातो. किलोमीटरचा आकडा मागे फिरविता येतो; सर्व्हिसच्या पावत्यांवरील आकडे मात्र सहज बदलता येत नाहीत. हे सारे स्वतःला कळत नसेल, तर विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या मिस्त्रीला सोबत न्यावे. त्याची मजुरी ही या व्यवहारातील सर्वांत स्वस्त बाब होय.

आवाजाच्या मोहाविषयी थोडे. आधीच्या शौकीन मालकाने सायलेन्सर बदललेला असतो आणि त्या गडगडाटावरच नवा ग्राहक भाळतो. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने २०२१ च्या जुलैमध्ये बदललेल्या सायलेन्सरांच्या गोंगाटाची स्वतःहून दखल घेतली होती. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार उत्पादकाने ठरविलेल्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाही. बदल पहिल्या मालकाने केला असला, तरी रस्त्यावर अडविला जातो तो आजचा चालक.

आता कागदपत्रांकडे वळू. बहुतेकांचा समज असा की पैसे दिले, चावी घेतली, मुद्रांकावर करार लिहिला, म्हणजे गाडी आपली झाली. २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात दिलेला निर्णय या समजाला धक्का देणारा आहे. एक मोटार २००७ मध्ये पहिल्या मालकाने विकली. ती दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे आणि तिसऱ्याकडून पुढे गेली, पण परिवहन कार्यालयातील नाव बदलण्याची तसदी कोणीच घेतली नाही. २००९ मध्ये ती मागे घेताना रस्त्याने चाललेल्या एका स्त्रीला व तिच्या भाच्याला धडक बसली आणि तो मुलगा दगावला. भरपाई कोणी द्यावी? प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवीत होता. न्यायालयाने सांगितले की नोंदणीत ज्याचे नाव, तो कायद्याच्या दृष्टीने मालक. अपघातग्रस्तांनी एकामागून एक खरेदीदारांचा शोध घेत फिरावे, अशी अपेक्षा धरता येणार नाही. ज्याने दोन वर्षांपूर्वीच गाडी विकली होती, त्याच्यावर भरपाईची जबाबदारी आली.

या निर्णयातून विकणाऱ्याने धडा घ्यावा हे उघड आहे. घेणाऱ्यालाही तो तितकाच लागू पडतो, कारण आजचा घेणारा उद्याचा विकणारा असतो. आणि हौसेच्या गाड्या तर फार लवकर हात बदलतात. मोटार वाहन कायद्याच्या ५० व्या कलमानुसार राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत नमुना २९ भरून कळवावयाचे असते, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नमुना ३० भरून आपले नाव लावून घ्यावयाचे असते. गाडीवर बँकेचे कर्ज असेल, तर नोंदणी प्रमाणपत्रावर बँकेचे नाव असते. ते नमुना ३५ व बँकेचे ना-हरकत पत्र देऊन आधी काढून टाकावे लागते. कर्ज फेडल्याची विकणाऱ्याची तोंडी ग्वाही येथे उपयोगाची नाही. इंजिनावरचा व चासीवरचा क्रमांक स्वतः वाकून वाचावा आणि प्रमाणपत्राशी अक्षरशः ताडून पाहावा. शासनाच्या ‘वाहन’ या संगणकीय नोंदवहीत गाडीच्या क्रमांकावरून विम्याची मुदत, नोंदणीची वैधता पाहता येते. थकलेले दंडही कळतात. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून नियम लागू झाले असून त्यांनी परिवहन कार्यालयाकडून अधिकारपत्र घेणे आवश्यक आहे. ते पाहावयास मागणे हा ग्राहकाचा उद्धटपणा ठरत नाही.

लखनौच्या बाजारात दिल्लीहून आलेल्या गाड्याही दिसतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये राजधानी परिसरात दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना मनाई कायम केली. या आदेशात २०२५ मध्ये फेरफार झाले, तरी मधल्या काळात चांगल्या स्थितीतील कितीतरी गाड्या कमी किमतीत बाहेरच्या राज्यांत गेल्या. अशी गाडी घेताना मूळ परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. आपल्या गलाई कुटुंबातील तरुणाला तर ही बाब दोनदा भेटेल. लखनौची यूपी ३२ क्रमांकाची गाडी त्याने जत्रेपुरती विट्याला नेली, तर अडचण नाही. पण ती बारा महिन्यांहून अधिक काळ गावीच राहिली, तर ४७ व्या कलमानुसार सांगलीचा एमएच १० क्रमांक घ्यावा लागेल, महाराष्ट्राचा कर भरावा लागेल आणि लखनौचा भरलेला कर परत मागण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागेल.

विम्यात एक बारीक भेद आहे. गाडी विकली गेली, की दुसऱ्याच्या नुकसानीपुरता विमा नव्या मालकाच्या नावे गेला असे कायदा मानतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई मात्र विमापत्रावर नाव बदलून घेतल्याशिवाय मिळत नाही. त्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीस कळवावे लागते. जुन्या मालकाने अपघात न करता मिळविलेली हप्त्यातील सवलत गाडीबरोबर येत नाही. ती माणसाची असते. इंजिनाच्या आकारानेही हप्ता वाढतो. २०२२ च्या जूनमध्ये लागू झालेल्या दरांनुसार दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याचा वार्षिक हप्ता १००० घनसेंटिमीटरपर्यंतच्या मोटारीस २०९४ रुपये, १५०० पर्यंत ३४१६ रुपये आणि त्यावर ७८९७ रुपये असा ठरला. करांची रक्कम निराळी.

एवढे सारे जमले, तरी पहिले काही आठवडे नाजूकच असतात. २०१६ मध्ये सुरू झालेला आग्रा–लखनौ द्रुतगती मार्ग शहराबाहेर ३०२ किलोमीटर सरळ पसरलेला आहे. नव्या मालकाचे मित्र पहिल्याच रविवारी तिकडे चलण्याचा आग्रह धरतात. त्याऐवजी पहाटे, दुधाच्या गाड्यांखेरीज रस्त्यावर कोणी नसते तेव्हा, अलीगंजच्या सेक्टरांतील रिकाम्या रस्त्यांवर गाडी न्यावी, आणि शेजारी दहा-पंधरा वर्षे गाडी चालविलेले कोणी तरी बसवावे. ताशी ३० किलोमीटरवरून जोरात ब्रेक दाबून गाडी कोठे थांबते ते पाहावे. मग ४० वरून. एबीएस लागल्यावर पायाखाली जी थरथर जाणवते, तिने दचकून नवशिके पाय उचलतात. ती थरथर दोन-चार वेळा ओळखीची झाली की पाय टिकतो. रिव्हर्समध्ये गाडी किती झटकन मागे येते, हेही तेथेच पाहून घ्यावे. वर सांगितलेल्या खटल्यातली मोटार मागेच येत होती.